रेडिटचा संप आणि जॉन ऑलिव्हरचे फोटो

रेडिट, म्हणजे विषयवार गप्पांची ती मोठी वेबसाइट, तिचा जून २०२३ मधला राडा आठवतोय का? कंपनीने एपीआयला पैसे लावले, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपवाल्यांनी डेटा घ्यायचा तर बिल भरा, आणि बिल पण कसलं, अपोलो हे रेडिट वाचायचं अ‍ॅप बनवणाऱ्याचा हिशोब वर्षाला २ कोटी डॉलरच्या आसपास गेला, बिचाऱ्याने दुकानच गुंडाळलं. मग १२ तारखेपासून निषेध म्हणून हजारो सबरेडिट (रेडिटवरचे एकेका विषयाचे गट) कुलूपबंद. पण दोनच दिवसांचा संप म्हणून आधीच सांगितल्यावर मालक कशाला घाबरतोय! हे गट सांभाळणारे मॉडरेटर फुकटात राबतात, वर त्यांनाच दम, उघडा नाहीतर काढू. मग पिक्स या फोटोंच्या सबरेडिटवाल्यांनी काय करावं, मतदान घेऊन फक्त जॉन ऑलिव्हर या टीव्हीवरच्या विनोदी सूत्रसंचालकाचे फोटो चालतील असा नियमच केला, त्यानेपण आपले एकेक येडे फोटो टाकले 😄 मला तर संपापेक्षा हेच भारी वाटलं. दर काही मागे घेतले नाहीत, अंधांना उपयोगी पडणाऱ्या काही अ‍ॅप्सना तेवढी सूट मिळाली.