डिप्लोमातून मेकॅनिकलच्या एसईला आल्यावर तीन वर्षांचं सब्जेक्ट प्लॅनिंग कसं केलं: माझा अनुभव

डिप्लोमा करून थेट एसईला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आलेल्या ज्युनियर्सचे मेसेज सारखे येतात, ताई कुठलं इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) सोपं जातं, ऑनर्स (जादा विषयांचा कोर्स) घेऊ का, एनपीटीईएल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) केलं तर काही उपयोग होतो का. प्रत्येकाला तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. मी पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नची, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची, आता बीईच्या (चौथ्या वर्षाच्या) शेवटच्या सेमला आहे. मूळची कोल्हापूरची, बाबा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे बनवायला) आहेत आणि मला पण फाउंड्रीतच काम करायचंय हे डिप्लोमाला असतानाच ठरलं होतं. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. तुमचं डिझाइन असेल, ऑटोमोबाइल असेल, एचव्हीएसी (एसी, व्हेंटिलेशन) असेल तर विषय वेगळे निघतील पण पद्धत हीच चालेल.

तर आमच्या कॉलेजात वीसेक मुलांमागे एक जीएफएम असतात, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर. बऱ्याच मुलांच्या डोक्यात जीएफएम म्हणजे अटेंडन्स कमी पडला की घरी फोन लावणारी व्यक्ती, बाकी मीटिंग म्हणजे रजिस्टरवर सही करायची आणि कँटीनला सुटायचं. मला हे फार खटकतं. कारण सिलॅबस आतून माहीत असलेलं, पेपर तपासलेलं, इंडस्ट्रीत ओळखी असलेलं माणूस तुमच्यासाठी वेळ काढून बसलेलं असतं आणि आपण त्यांना विचारतो काय, तर मॅडम सबमिशनची डेट पुढे जाईल का.

मी पहिल्या मीटिंगला जाताना विद्यापीठाच्या साइटवरून एसई, टीई (तिसरं वर्ष), बीई तिन्हीच्या सिलॅबसच्या पीडीएफ उतरवल्या, त्यातली स्ट्रक्चरची पानं, म्हणजे ज्यात विषय, मार्क आणि क्रेडिटचा तक्ता असतो ती, प्रिंट काढून एकाखाली एक चिकटवली. सहा सेम एका मोठ्या कागदावर. माझ्या जीएफएम मॅडम थर्मलच्या. त्यांनी तो कागद टेबलावर पसरला, लाल पेन काढलं आणि विषयांवरून बाण ओढायला सुरुवात केली. सॉलिड मेकॅनिक्सवरून टीईच्या डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्सवर, तिथून पुढच्या सेमच्या ट्रान्समिशन सिस्टिम्सवर. एसईच्या थर्मोवरून अप्लाइड थर्मो, मग टीईला हीट ट्रान्सफर, मग बीईला एचव्हीएसी. फ्लुइडवरून टर्बोमशिनरी. कायनेमॅटिक्सवरून डायनॅमिक्स ऑफ मशिनरी. आणि एम-थ्रीवरून, म्हणजे तिसऱ्या मॅथ्सवरून, तर चारी दिशांना बाण गेले.

ही साखळी सिलॅबसमध्ये अशी काढून कुणी देत नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांत आधीचा विषय पास नसेल तर साधारणपणे पुढच्याला रजिस्टरच होता येत नाही. आपल्याकडे सॉलिड मेकॅनिक्सचा बॅक असला, म्हणजे विषय राहिलेला असला, तरी तुम्ही मशीन डिझाइनच्या लेक्चरला बसलेले असता, शाफ्टवरचा बेंडिंग मोमेंट कुठून आला ते कळत नाही आणि फळ्यावरचं उतरवून घेत राहता. सिस्टिम अडवत नाही म्हणून ते आपणच बघायला लागतं, आणि त्यासाठीच तो कागद.

मग मॅडमनी विचारलं, तुला फाउंड्री करायचीय ना, मग सांग, तुमच्याकडे रायझर (गोठताना कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, धातू पुरवणारा साठा) केवढा ठेवायचा हे कोण ठरवतं? मी म्हटलं सुपरवायझर, अनुभवाने. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात क्व्होरिनॉव्हचा नियम लिहिला, की ओतलेला धातू गोठायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आणि लगेच गणित घातलं. 60 मिलिमीटरचा घन ओतायचाय. आकारमान भागिले पृष्ठफळ केलं की 10 मिलिमीटर येतात, त्याला मॉड्युलस म्हणतात. रायझर कास्टिंगच्या नंतर गोठायला पाहिजे, नाहीतर आत धातू पुरवणार कोण, म्हणून रायझरचा मॉड्युलस साधारण 1.2 पट धरतात, म्हणजे 12. उंची आणि व्यास सारखा असलेल्या सिलिंडरचा मॉड्युलस व्यासाच्या एक षष्ठांश येतो, म्हणजे रायझर 72 मिलिमीटरचा. जोडलेल्या बाजूचा बारीक हिशोब सोडून दिला तर एवढंच. मी लहानपणापासून रायझर बघत आले पण तो आकडा कागदावर असा निघताना पहिल्यांदा बघितला. मग स्प्रू, म्हणजे साच्यात धातू ओतायची उभी नळी. स्प्रू खाली निमुळता का असतो? पडताना धातूचा वेग वाढतो, धार बारीक होत जाते, नळी सरळ ठेवली तर धार भिंतीपासून सुटते आणि हवा आत ओढली जाते, मग कास्टिंगमध्ये पोकळ्या. हे कंटिन्युइटी आणि बर्नूलीचे नियम, एसईच्या दुसऱ्या सेमचं फ्लुइड मेकॅनिक्स.

म्हणजे मी ज्या थर्मल आणि फ्लुइडला 'पास झालं की बास' या खान्यात टाकणार होते तेच माझे मेन विषय निघाले. फाउंड्री म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे मॅन्युफॅक्चरिंगचे विषय नीट करायचे, असा सरळ हिशोब कुणीही करेल. पण ओतकाम समजायला मेटलर्जी, फ्लुइड आणि हीट ट्रान्सफर तिन्ही लागतात आणि त्यातलं हीट ट्रान्सफर एम-थ्रीवर उभं. एम-थ्रीच्या शेवटच्या भागात पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सचे वापर आहेत ना, त्यातलं हीट इक्वेशन म्हणजे साच्यात घडतं तेच.

आता एम-थ्रीबद्दल, कारण डिप्लोमावाल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच. आपण एफई, म्हणजे पहिलं वर्ष, केलेलं नसतं, एम-वन एम-टू आपल्या अंगावरून गेलेलं नसतं, आणि वर कॅप राउंड (ॲडमिशनच्या फेऱ्या) उशिरा संपतात म्हणून कॉलेजला येईपर्यंत पहिली युनिट शिकवून झालेली असतात. 2019 पॅटर्नमध्ये मेकॅनिकलला एम-थ्री दुसऱ्या सेमला आहे हे खरं तर आपल्या पथ्यावर पडतं, पहिलं अख्खं सेम तयारीला मिळतं. मॅडमनी मला सगळं एम-वन एम-टू करायला लावलंच नाही. त्यांनी यादी दिली: पहिल्या ऑर्डरच्या डिफरन्शियल इक्वेशन्स, पार्शल डिफरन्सिएशन, मल्टिपल इंटिग्रल, फुरिअर सिरीजची ओळख. एवढंच, बाकी लागेल तेव्हा. दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून मी हेच केलं, एफई झालेल्या मैत्रिणीची वही झेरॉक्स करून. वहीत गणितं सोडवलेली असतात, पुस्तकापेक्षा लवकर कळतं. आणि इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, 30 मार्कांची पहिल्या दोन युनिटवर, एंडसेम 70 ची उरलेल्या चार युनिटवर, म्हणजे इनसेमला हातातून गेलेले मार्क एंडसेमला भरून काढताना घाम निघतो. म्हणून उशिरा ॲडमिशन झालेल्यांनी पहिल्या सेमला आधी इनसेमची युनिट धरा, मागचं सगळं वाचून मग पुढे जाऊ असं करू नका.

एटीकेटीचा, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जाता येण्याचा, नियम पण त्याच मीटिंगला समजून घ्या, मित्रांकडून ऐकीव नको. आमच्या पॅटर्नला बीईला जायला एसई पूर्ण क्लिअर लागतं. एसईचा एखादा विषय लोंबकळत राहिला तर टीईचं अख्खं वर्ष त्याच्या टेन्शनमध्ये जातं, आणि ते नेमकं इंटर्नशिप आणि गेटची (एमटेकच्या प्रवेश परीक्षेची) सुरुवात करायचं वर्ष असतं. प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या पण लाईव्ह बॅकलॉग आधी विचारतात. मॅडमनी म्हणून एसईला मला कुठल्याही क्लबमध्ये जाऊ दिलं नाही. बाहा (गाडी बनवायची स्पर्धा) करायचं असेल तर टीईला कर, एसई आधी क्लिअर कर असं त्यांचं स्पष्ट मत, आणि मला ते पटलं. ज्यांना गाडी बनवायचीच आहे त्यांना कदाचित पटणार नाही, ठीक आहे.

इलेक्टिव्ह. सिलॅबसमध्ये यादी दिसते तेवढे सगळे पर्याय कॉलेजमध्ये मिळत नाहीत हे लक्षात ठेवा. ज्याला पुरेशी मुलं आणि शिकवायला स्टाफ असतो तेच इलेक्टिव्ह निघतं. म्हणून फॉर्म यायच्या आधीच हालचाल करायची. टीईच्या पहिल्या इलेक्टिव्हला मला ॲडव्हान्स्ड फॉर्मिंग अँड जॉइनिंग हवं होतं, वर्गात वारं होतं मशिनिंग सायन्सचं. मी आणि अजून दोघी वर्गात फिरलो, ज्यांना वेल्डिंग, शीट मेटल, प्रेस शॉपकडे जायचंय अशी मुलं गोळा केली, एचओडी सरांना सह्यांचा अर्ज दिला आणि दोन्ही इलेक्टिव्ह निघाली. बीईला सीएफडीचं (कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित) तेच करायला गेलो पण तिथे मुलंच जमेनात, ते निघालं नाही. वाईट वाटलं, कारण साच्यात धातू कसा भरतो याचं सिम्युलेशन म्हणजे शेवटी तेच. मग मॉडर्न मशिनिंग घेतलं, त्याच्या जोडीच्या इलेक्टिव्हला ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, कारण आता वाळूचे साचे आणि कोअर (आतल्या पोकळीचे साचे) थ्रीडी प्रिंट होतात आणि पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवायचा वेळ वाचतो. शेवटच्या सेमला क्वालिटी अँड रिलायबिलिटी, कारण फाउंड्रीत रिजेक्शन कमी करणं हीच रोजची लढाई.

सोपं कुठलं, स्कोअरिंग कुठलं हे विचारणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की इलेक्टिव्हचं नाव इंटरव्ह्यूला हमखास विचारतात, हे का घेतलं म्हणून. तेव्हा दोन वाक्यं मनापासून बोलता आली पाहिजेत.

ऑनर्स मी घेतलं नाही. टीई आणि बीई मिळून 20 क्रेडिट जादा, म्हणजे चार सेम रेग्युलर विषयांच्या डोक्यावर अजून लेक्चर, अजून परीक्षा. ईव्ही किंवा रोबोटिक्समध्येच जायचं ठरलेलं असेल तर जरूर घ्या, माझी रूममेट रोबोटिक्सचं करतेय आणि तिला प्रोजेक्टला त्याचा चांगला उपयोग झाला. पण फक्त डिग्रीवर एक शब्द जास्त येतो म्हणून घेऊ नका, सातव्या सेमला प्रोजेक्ट आणि प्लेसमेंट एकत्र येतं तेव्हा त्रास होतो.

त्याऐवजी मी एनपीटीईएल केलं. आयआयटी रुरकीचा कास्टिंगवरचा कोर्स आहे, तो मॅडमनीच सुचवला. कोर्स फुकट, परीक्षा द्यायची असेल तर 1000 रुपये फी, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची. असाइनमेंटचे 25, परीक्षेचे 75. सर्टिफिकेटला असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत टाकायची, डेट गेली की ती गेली. 12 आठवड्यांचा कोर्स साधारण 3 क्रेडिटचा धरतात, पण तुमच्या कॉलेजमध्ये ते क्रेडिट कशात धरणार, धरणार की नाही, हे रजिस्टर करायच्या आधी लेखी विचारून घ्या. डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) पण आधीच काढून ठेवा आणि आधारवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव जुळतंय का बघा. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं वडिलांचं नाव एकीकडे होतं, दुसरीकडे नव्हतं, आणि ते दुरुस्त करण्यात नको तेवढी धावपळ झाली.

टीईच्या इंटर्नशिपला मी पुण्यात न थांबता घरी गेले, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत. तिथे एका पंप हाउसिंगमध्ये जाड भिंत आणि पातळ भिंत मिळते तिथे सारखं श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) येत होतं. मी मॅडमकडे शिकलेला मॉड्युलसचा हिशोब भागाभागाने मांडला. जाड भागाला धातू पुरवणारा रायझर मॉड्युलसने कमी पडत होता आणि मधला पातळ भाग आधी गोठून वाट बंद होत होती. तिथल्या काकांना, ज्यांचा हात या कामात तीस वर्षं बसलाय, तो कागद दाखवला तर म्हणाले हे मला माहीत आहे, पण का ते कधी कुणी लिहून दिलं नव्हतं. मग त्यांनीच चिल (धातू लवकर गोठवणारा तुकडा) कुठे बसवायचा ते खडूने साच्यावर दाखवलं. माझा बीईचा प्रोजेक्ट त्यातूनच आला.

गेटचं पण थोडं. टीईला असतानाच देता येते आणि स्कोअर 3 वर्षं चालतो. 100 पैकी 15 ॲप्टिट्यूड, 13 मॅथ्स, बाकी 72 आपले विषय. मॅडमच्या बाणांचा कागद आणि गेटचा सिलॅबस शेजारी ठेवले तर दिसतं की एसईचे जवळजवळ सगळे विषय त्यात आहेत, म्हणून एसईच्या नोट्स रद्दीत देऊ नका.

नव्या मुलांना 2024 पॅटर्न आहे, त्यात मल्टिडिसिप्लिनरी मायनर (दुसऱ्या शाखेचे जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह असं बरंच नवीन आलंय, त्यामुळे माझे विषय आणि सेम जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या पॅटर्नची स्ट्रक्चरची पानं स्वतः उतरवा, एका कागदावर चिकटवा, बाणांसाठी जागा मोकळी ठेवा आणि जीएफएमना आधी मेसेज करून अर्धा तास मागून घ्या, रजिस्टरवर सही करायला रांग लागते त्या दिवशी नको. मायनर निवडताना काय बघायचं हे मात्र मला विचारू नका, ते आमच्या वेळी नव्हतं, त्याचं तुमचे जीएफएमच सांगतील.