चोरीला गेलं की गहाळ झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे वरचेवर कुणी ना कुणी विचारतंच. शाळेत डबे उघडले की एखादी बाई, लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं कुणी, नाहीतर माझा भाचा: "आत्ती, तू पोलीस लाईनमध्ये वाढलीस. मग पोलिसांवरची खरी मालिका कुठली?"

मी 'द वायर' म्हणते आणि समोरचा गप्प होतो. अमेरिकेतली मालिका, बाल्टिमोर नावाच्या शहरातली. जून २००२ ते मार्च २००८, पाच पर्वं, साठ भाग. तिचा आणि कोल्हापूरच्या पोलीस लाईनचा संबंध काय, हे एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

माझे वडील, आबा, इथेच पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि २००८ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. बाहेरच्यांना वाटतं, पोलिसाच्या घरी रोज दरोड्यांच्या गोष्टी चालत असतील. आमच्याकडे गोष्टी असायच्या त्या बंदोबस्ताच्या. नवरात्रात अंबाबाईचं देऊळ, चैत्रात जोतिबाचा डोंगर, अनंत चतुर्दशीला पंचगंगा घाट ते थेट दुसऱ्या दिवशीपर्यंत, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोठा सामना असला की तिथं. आणि उरलेला सगळा वेळ लिहिणं. आबांचं अक्षर चांगलं, म्हणून ठाण्यात त्यांना कायम टेबलावर बसवलं. स्टेशन डायरी, मुद्देमालाचं रजिस्टर, पंचनाम्याच्या प्रती. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडलेला. कार्बनची निळी बोटं भाकरीला लागू नयेत म्हणून जेवायच्या आधी ते राखेनं हात घासायचे, तरी नखांच्या कडा निळ्याच राहायच्या. त्यामुळे पडद्यावर इन्स्पेक्टर गोळी झाडतो तेव्हा मला आजही आधी हेच सुचतं, की या गोळीचा हिशोब कोण लिहिणार?

आपल्याकडे १९८३ चा 'अर्धसत्य' हा सिनेमा आहे. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा. तो बघून आबा घरी येईपर्यंत वाटेत एक शब्द बोलले नव्हते, असं आई सांगायची. पण तो एका वेलणकर नावाच्या फौजदाराचा कोंडमारा होता. अख्ख्या ठाण्याचा, गल्लीचा, शहराचा कोंडमारा मी पहिल्यांदा पाहिला तो या परक्या मालिकेत.

ती रचणारे दोघेही हे सगळं जवळून बघितलेले. डेव्हिड सायमन १९८२ ते १९९५ बाल्टिमोरच्या दैनिकात क्राईम रिपोर्टर होता. एड बर्न्सनं वीस वर्षं पोलिसात काढली, मग सात वर्षं सरकारी शाळेत शिकवलं. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. गाडीतला रेडिओ वाजत असेल तर तोच ऐकू येणार. पहिले तीन-चार भाग कोण कुणाचा माणूस तेच कळत नाही, आणि मालिका थांबून समजावून सांगत नाही. कुणी नवीन ठाण्यात बदलून गेला की त्याला तरी कोण समजावतं?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्यानं ती लावून दिली. आबांना इंग्रजी येत नाही. मी खालची अक्षरं वाचून मराठीत सांगायचे, शिव्या गाळून. दुसऱ्याच दिवशी आबा म्हणाले, "गाळू नको. ठाण्यात असंच बोलत्यात."

त्यांचा जीव जडला तो लेस्टर फ्रीमनवर. हा डिटेक्टिव्ह कोपऱ्यात बसून बाहुल्यांच्या घरातलं इवलंसं लाकडी फर्निचर कोरत असतो. सगळे त्याला निकामी समजतात. मग कळतं की वरिष्ठांनी नको म्हटलेला साक्षीदार त्यानं उभा केला, म्हणून त्याला गहाणवट-दुकानांच्या नोंदी तपासायच्या विभागात टाकलं. किती वर्षं, असं विचारलं की तो सांगतो, तेरा वर्षं आणि चार महिने. ते चार महिने तो कधीच सोडत नाही.

"साईडला टाकलं त्याला," आबा म्हणाले. बराच वेळानं पुन्हा म्हणाले, "महिने मोजत्यात सगळी."

त्याच फ्रीमनचा तरुण जोडीदाराला सल्ला आहे: साहेबांनी विचारलं, तुला कुठं जायचं नाही, तर खरं उत्तर देऊ नको. जोडीदारानं ते आधीच सांगून टाकलेलं असतं, आणि पर्वाच्या शेवटी तो नेमका तिथंच, पोलिसांच्या बोटीवर, उभा असतो. आमच्या लाईनमधल्या एका काकांनी भर बैठकीत चंदगड सोडून कुठंही चालेल म्हणून सांगितलं होतं. त्यांची मुलं चंदगडला शिकली.

आता शहराबद्दल, कारण या मालिकेत पोलिसांपेक्षा शहर मोठं आहे. बाल्टिमोरजवळ स्पॅरोज पॉइंटला बेथलहेम स्टीलचा कारखाना होता. भरात असताना तिथं तीस हजारांच्या आसपास माणसं कामाला जायची. १९५० साली शहराची वस्ती साडेनऊ लाख होती, २००० साली साडेसहा लाख. माणसं गेली, घरं मागे राहिली. एकाला एक चिकटून उभी विटांची घरं, दारापुढे पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या, आणि दारा-खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या. मालिकेतली पोरं अशाच गल्ल्यांच्या कोपऱ्यावर उभी राहून गर्द विकतात, कारण त्या भागात दुसरा कुठलाच मालक कामावर घेत नाही.

कोल्हापूर असं झालं नाही. शिरोलीच्या फाउंड्र्या चालू आहेत, साखर कारखाने आहेत, पाठीमागे शेती आहे. पण शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली शाहू मिल २००३ साली बंद पडली, तेव्हा कोटीतीर्थाच्या बाजूच्या गल्ल्यांत काय झालं ते मी शाळेत येणाऱ्या पोरांवरून पाहिलंय. आपल्याकडे घरं रिकामी पडत नाहीत. आपली पडझड वेगळी दिसते. एका खोलीत दोन संसार होतात. माळ्यावर मुलगा-सून, कट्ट्यावर पत्रा टाकून भज्यांची गाडी, आणि ज्यानं यंत्रावर उभं राहून पोरं वाढवली तो माणूस सकाळी दहा वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठंही जायचं नसताना चौकात येऊन बसतो. फळी ठोकलेलं दार नसलं म्हणून त्याला पडझड म्हणायचं नाही असं थोडंच आहे.

चौथ्या पर्वाची सुरुवात हार्डवेअरच्या दुकानात होते. एक मुलगी खिळे मारायची बंदूक विकत घेते, दुकानदार तिला कौतुकानं गुण समजावून सांगतो. पुढे पर्वभर माणसं नाहीशी होत राहतात आणि प्रेत एकाचंही सापडत नाही. शेवटाकडे फ्रीमन त्या ओसाड गल्लीतून चालताना एका फळीसमोर थांबतो. हिचे खिळे शेजारच्या फळ्यांसारखे नाहीत, बंदुकीनं मारलेले आहेत. फळी काढली तर आत प्रेत. मग तो गल्लीभर नजर टाकतो, आणि किती घरं उघडावी लागणार ते आपल्याही लक्षात येतं.

त्याचा सार्जंट मात्र त्याला आणखी एकही फळी काढू देत नाही. वर्ष संपायला तीन आठवडे राहिलेत, उघड झालेल्या खुनांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे, आणि हा नवीन, न उलगडणारे खून शोधून आणतोय. नंतर फळ्या निघतात, बावीस प्रेतं मिळतात; पण त्याही हिशोबापोटीच. महापौर नवा आलेला असतो आणि प्रेतं जुन्याच्या खात्यावर टाकता येतात.

मी हे सांगत होते तेव्हा आबा म्हणाले, "थांबव."

मला वाटलं, पाणी हवं असेल. ते तसेच बसून राहिले आणि मग बोलायला लागले. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं ही गोष्ट घरात कधी काढली नव्हती.

मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एक बाई ठाण्यात आली. नवरा मिलमधला. घर फोडून तिचा तांब्याचा हंडा, पितळी घागर आणि परात चोरीला गेली होती. तिच्या लग्नातली भांडी, हंड्यावर नाव घातलेलं. आबा ठाणे अंमलदार होते. त्यांनी कागद घेतला, कार्बन लावला आणि साहेबांना विचारायला आत गेले. महिन्याच्या क्राईम मीटिंगला घरफोड्यांचा आकडा आधीच चढलेला. साहेब म्हणाले, चार दिवस थांबवा, एक तारखेनंतर बघू. आबांनी बाहेर येऊन तिला सांगितलं, वहिनी, एक तारखेनंतर या.

"ती परत आली न्हाई," आबा म्हणाले. "मी वाट बघितली. दोन-तीनदा त्या गल्लीतनं सायकल घेऊन गेलो. पण जाऊन म्हणणार काय?"

तिचं नाव त्यांना अजून पाठ आहे, हंड्यावर होतं तेवढं पूर्ण. ठाण्याच्या एकाही रजिस्टरमध्ये ते नाही.

खरी मालिका कुठली, या प्रश्नाला मी जे नाव सांगते ते या संध्याकाळमुळे. चोर कसा पकडला हे सगळेच दाखवतात. काय लिहायचं नाही हे कसं ठरतं, कुणाच्या भीतीनं ठरतं, आणि ते पाळणारा माणूस वाईटच असतो असं नाही, हे या मालिकेनं दाखवलं. तोंडदेखला खलनायकसुद्धा न उभा करता.

चौथं पर्व शाळेचंही आहे, आणि ते मला जास्त लागलं. पोलिसातून बाहेर पडलेला एक माणूस गणिताचा मास्तर होतो आणि चाचण्यांच्या बैठकीत बसल्या बसल्या त्याला ओळख पटते: आकडे सजवायचा हाच धंदा तो ठाण्यातही बघत आला होता. मी बावीस वर्षं शिकवतेय. वरून फोन आला म्हणून, जोडाक्षर वाचता न येणाऱ्या एका मुलाच्या नावापुढे मी एकदा वाचता येतं असं भरलंय. त्या खुणेमुळे त्याला जादा तासाच्या यादीतून वगळलं. तो सातवीनंतर शाळेत दिसला नाही. आबांच्या हंड्याच्या शेजारी मी हे ठेवते.

अजून एक सांगायचं राहिलं. अलीकडची गोष्ट, जूनमधली, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यातली. बसमध्ये चढताना गर्दीत माझ्या पर्सची चेन उघडून कुणीतरी मोबाईल काढला. ठाण्यात गेले. टेबलावरचा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, अगदी नम्र. त्यानं पाणी दिलं, नंबर उतरवून घेतला आणि दहा मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात ठेवला. सिमकार्डाला चालेल म्हणाला. मी रिक्षात बसून वाचला. मोबाईल 'गहाळ झाला' असं लिहिलं होतं.

चोरी लिहिली तर गुन्हा वाढतो, तपास येतो, चोर नाही सापडला की तो न उलगडलेल्यांत मोजला जातो. गहाळ झालं की चूक माझीच, आणि ठाण्याच्या आकड्याला काहीच होत नाही. मला हे सगळं कळत होतं. तरी मी घरी आले, कारण त्या पोराचं काय चुकलं, असं मला वाटलं.

आबांनी चष्मा लावून कागद वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून, काठी घेऊन तयार. "चल."

बाकावर बसलो. आबांनी आवाज चढवला नाही, मी हवालदार होतो हेही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बाळ, पर्सची चेन आपोआप उघडत न्हाई. चोरी लिही." मुलगा आत जाऊन आला आणि थांबा म्हणाला. आम्ही थांबलो. तासाभरानं आतून एक अधिकारी आले. मीच त्यांना सांगितलं की सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याला एफआयआर बंधनकारक केलाय. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे नाही, आबांच्या हातांकडे बघितलं, आणि मुलाला म्हणाले, घे लिहून.

टायपिंग चालू असताना आबा स्क्रीनकडे वाकून बघत होते. त्यांना चोरीचं कलम ३७९ पाठ, मुलानं टाकलं ३०३ पोटकलम २. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या नवीन भारतीय न्याय संहितेत ते तसं झालंय, हे त्यानं आबांना समजावून सांगितलं, आणि आबांनी दोनदा म्हणून घेतलं.

मोबाईल मिळालेला नाही, मिळेल असंही वाटत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते, ती दिली. आबांनी ती तिथेच बाकावर बसून पहिल्या ओळीपासून वाचली. वेळ सकाळी साडेआठऐवजी रात्री साडेआठ पडली होती. ते काठी टेकत उठले आणि ती दुरुस्त करून घ्यायला पुन्हा टेबलाशी गेले.