आडनाव डॉट इन

आमच्या घरचे फोटो आता 'फोटो डॉट आडनाव डॉट इन' या पत्त्यावर उघडतात. सर्व्हर म्हणजे स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलेला. वीज गेली तरी बॅटरी आहेच, राउटर इन्व्हर्टरवर. लॅपटॉपवर फोटोंसाठी इमिच आणि सिनेमांसाठी जेलिफिन हे प्रोग्राम चालतात. आईला त्याचा १०.२७.०.५०:२२८३ असला आकडी पत्ता सांगून उपयोग नाही. आडनाव मात्र तिच्या लक्षात राहतं.

डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, म्हटलं की लोक लगेच स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडण्याच्या गोष्टी करतात. घरापुरतं वापरायचं असेल तर दोन्ही लागत नाही. तसंही बऱ्याच फायबर कनेक्शनना स्वतंत्र आयपीव्ही४ (नेहमीचा चार आकड्यांचा) पत्ता मिळत नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्याने सुरू होणारा पत्ता दिसला, की आपण सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच पत्त्यामागे, आहोत असं समजायचं. मग पोर्ट उघडा नाहीतर उघडू नका, बाहेरून त्या पत्त्यावर कोणी येऊ शकत नाही. माझ्या तर ते पथ्यावरच पडलं.

डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यादीत, त्या नावासमोर मी सरळ घरातलाच १०.२७.०.५० लिहिलाय. तो कोणालाही दिसतो, दिसू दे! काही राउटर असं उत्तर गाळून टाकतात; तसं झालं तर घरातल्या पाय-होलमध्ये (घरापुरत्या डीएनएस सर्व्हरमध्ये) तीच नोंद करायची.

खरी गंमत सर्टिफिकेटची, म्हणजे साइट त्याच नावाची आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याची. तो फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेला तुमच्या सर्व्हरपर्यंत यावंच लागतं असं नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये त्यांनी सांगितलेली टीएक्सटी (मजकुराची) नोंद दिसली की त्यांना पुरतं. लॅपटॉपवरचा वेब सर्व्हर कॅडी ती नोंद स्वतः घालतो, काढतो आणि मुदत संपायच्या आत नवं सर्टिफिकेट आणतो. त्याला दिलेलं एपीआय टोकन (डीएनएस बदलायची किल्ली) तेवढं या एका डोमेनपुरतंच ठेवा. आणि सर्टिफिकेट वाइल्डकार्डच, म्हणजे डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं, घ्या. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची जाहीर नोंद होते. घरात काय काय चालवता याची यादी कशाला टांगायची?

ताई पुण्याहून टेलस्केलने, म्हणजे खासगी जोडणीने (व्हीपीएन), आमच्या नेटवर्कवर येते. तिच्या घरचा राउटरही आमच्यासारखा १९२.१६८.१ वालाच, मग दोन्हींच्या पत्त्यांची टक्कर नको म्हणून आमचं नेटवर्क १०.२७ वर नेलं.

ईमेल मात्र घरी नाही. घरगुती कनेक्शनवरून पाठवलेली मेल बहुतेक ठिकाणी थेट स्पॅममध्ये जाते, नाहीतर दारातूनच परत येते. त्यासाठी वर्षाला थोडे पैसे मोजतो, आणि त्याचं मला काही वाटत नाही.