तुम्ही विचारलंत म्हणून: बायोडिझेलमध्ये कोणतं ॲडिटिव्ह टाकू?

इंजिन आणि इंधनाच्या चाचण्या हे माझं काम आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बायोडिझेल वापरतोय, एखादं चांगलं ॲडिटिव्ह, म्हणजे इंधनात मिसळायचं रसायन, सांगा ना, इंजिन जरा जोमात चालेल." मी उलट विचारतो, तक्रार काय आहे? हे फारसं कुणाला आवडत नाही. लोकांना बाटलीचं नाव हवं असतं.

ॲव्हरेज कमी पडतंय, एवढीच तक्रार असेल तर बाटली विसरा. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे ज्वलन स्वच्छ होतं, काजळी कमी होते. पण ऑक्सिजन स्वतः उष्णता देत नाही. डिझेलमधून किलोमागे 42-43 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथे 37-38. लाखात पन्नास-शंभर भाग मिसळलेलं रसायन ही तूट कुठून भरून काढणार?

दुकानात खूप खपतो तो सीटेन बूस्टर. सीटेन म्हणजे इंधन किती चटकन पेट घेतं त्याचा आकडा. त्यातलं 2-इथाइलहेक्झिल नायट्रेट गरम सिलिंडरमध्ये चटकन फुटतं आणि इंधन लवकर पेट घेतं. डिझेल कमी सीटेनचं असेल तर फरक कळतो. बायोडिझेलचा सीटेन बहुधा मुळातच चांगला असतो; युरोपीय मानकात तो किमान 51 लागतो. भरल्या ताटावर वाढण्यासारखंच हे.

ज्याबद्दल कुणीच विचारत नाही, ते म्हणजे अँटिऑक्सिडंट. माझ्या मते खरं काम तिथेच आहे. बायोडिझेल तेलातून किंवा चरबीतून येतं, आणि तेल खवट होतं तसंच तेही होतं. किती लवकर, ते फॅटी ॲसिडमधल्या दुहेरी बंधांवर ठरतं. एक बंध असलेल्या ओलिइकचा ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने खराब होण्याचा, वेग 1 धरला, तर दोनवाल्या लिनोलेइकचा सुमारे 41 आणि तीनवाल्या लिनोलेनिकचा 98 येतो. आधी पेरॉक्साइड बनतात, मग आम्लं, मग चिकट गोंद. हा गोंद फिल्टरमध्ये बसतो, इंजेक्टरवर बसतो, आणि मालक म्हणतो पिकअप गेला. तांब्या-पितळेची नळी किंवा फिटिंग असेल तर हे सगळं आणखी वेगाने घडतं.

यावर टीबीएचक्यू, पायरोगॅलॉल यांसारखी रसायनं चालतात. ती ऑक्सिडेशनची साखळी तोडतात आणि तोडता तोडता स्वतः संपतात. म्हणून ती इंधन ताजं असतानाच पडायला हवीत, शक्यतो कारखान्यातच. गोंद झाल्यावर ओतलेलं अँटिऑक्सिडंट तो विरघळवत नाही. तेव्हा विक्रेत्याकडे ऑक्सिडेशन स्टॅबिलिटीचा आकडा मागा. 110 अंश सेल्सिअसला नमुन्यातून हवा सोडून तो किती तास टिकतो, हे रॅन्सिमॅट यंत्रावर मोजतात. युरोपीय मानकात शुद्ध बायोडिझेलला किमान 8 तास लागतात, अमेरिकी मानकात 3. आकडा विचारला की काही विक्रेते विषय बदलतात. तेही एक उत्तरच.

थंडीचं गणित नेमकं उलटं. पाम तेलासारख्या संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध कमी असलेल्या, कच्च्या मालाचं बायोडिझेल खवट व्हायला वेळ घेतं, पण जरा गारठा पडला की गढूळ होतं. थंडीत इंधन वाहतं राहावं म्हणून टाकतात तो कोल्ड फ्लो इम्प्रूव्हर मेणासारखे स्फटिक बनणं थांबवत नाही. तो स्फटिक लहान ठेवतो, फिल्टरमधून जाऊ देतो. इंधन गढूळ होण्याआधी, कोमट असताना मिसळला तरच उपयोग. शुद्ध पाम बायोडिझेलवर तो फारसा चालत नाही. तिथे साध्या डिझेलचं प्रमाण वाढवणंच बरं.

नव्याने बायोडिझेल सुरू केल्यावर फिल्टर चोंदला तर घाबरू नका, ॲडिटिव्हही शोधू नका. बायोडिझेल चांगलं द्रावक आहे, टाकीतला जुना गाळ ते सोडवतं. फिल्टर बदला. टाकीच्या तळाशी पाणी साचू देऊ नका, नाहीतर त्यात जंतू वाढतात.

हल्ली सिरियम ऑक्साइडच्या नॅनोकणांबद्दलही विचारणा होते. प्रयोगशाळेत त्याने धूर आणि नायट्रोजन ऑक्साइड घटल्याचे निष्कर्ष आहेत. पण कण इंधनात तरंगत ठेवणं अवघड, ते खाली बसतात. आणि ते जळून जात नाहीत, सायलेन्सरमधून बाहेर पडून कुणाच्या तरी श्वासात जातात. सध्या तरी मी ते कुणाच्या टाकीत टाकायला सांगणार नाही.