त्या दिवशी मी रूट टचअपला नाही म्हटलं

सकाळी पार्लर उघडून झाडलोट चालली होती तोच माझ्या एक जुन्या कस्टमर काकू आल्या, डोक्याला ओढणी गुंडाळून. त्यांची अपॉइंटमेंट अजून दोन आठवडे पुढे होती. ओढणी काढली आणि मी बघतच राहिले, कपाळ सुजलेलं, पापण्या जड झालेल्या, कानामागची कातडी लालबुंद आणि तिथून पाणी येतंय. आणि काकू म्हणतात, "अगं रविवारी मुलीचा साखरपुडा आहे, भांगातलं पांढरं तेवढं झाकून दे, बाकी मी गोळी घेते."

मी सरळ नाही म्हटलं, रडकुंडीला आल्या तरी नाही. घरी काय लावलंत विचारलं तर आधी काहीच नाही, मग हळूच सांगितलं की दर वेळी तिसऱ्या आठवड्यात पांढरी रेघ दिसायला लागली की त्या काळ्या मेंदीचं पाकीट आणून लावतात, मेंदीच तर आहे. काकू, मेंदीचा रंग केशरी-तांबडा, काळी मेंदी झाडाला येत नाही हो! तो काळा रंग बहुतेक वेळा पीपीडी नावाच्या केमिकलचा असतो, आम्ही लावतो त्या बऱ्याचशा परमनंट कलरमधेही तेच असतं, म्हणजे यांना ते दुप्पट वेळा लागत होतं, आणि याची अ‍ॅलर्जी अशी की वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस अंग एकदम नाकारतं. रिक्षात घालून त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, पार्लर तासभर बंद राहिलं तर राहिलं.

मला खरं वाईट याचं वाटलं की इतकी वर्षं दर 6 आठवड्यांनी त्या माझ्या खुर्चीत बसतायत आणि मधल्या दिवसांत काय करता हे मी कधी विचारलंच नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे मधे पांढरं दिसणारच ना. आता मी प्रत्येकीला विचारते. मधल्या दिवसांत सगळ्या डोक्याला परत काही थापू नका, भांग आणि कानशिलं एवढंच तर दिसतं, तिथे टचअप पावडर ब्रशने टेकवा नाहीतर हेअर मस्कारा फिरवा, शाम्पूने निघून जातं. आणि कलर कुठलाही असो, 48 तास आधी कानामागे थोडासा लावून टेस्ट, जुना ब्रँड असला तरी.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. सूज उतरली होती पण डोक्याला कलर, स्प्रे काही म्हणजे काही लावलं नाही. फणीच्या टोकाने भांग नागमोडी काढला, सरळ रेघ मोडली की पांढरं निम्मं दिसेनासं होतं, कानशिलावरचे केस सैल मागे घेऊन खाली अंबाडा घातला आणि त्याला अबोलीचा गजरा. काकू आरशात बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "दिसतंय गं थोडं." म्हटलं, दिसू दे.

डॉक्टरांनी पीपीडीवाला कलर कायमचा बंद केलाय. केस मानेपर्यंत कापून घेतलेत त्यांनी, परवा ट्रिमिंगला आल्या तेव्हा पांढरं तीन बोटं वाढलेलं होतं.