बर्फ कोण आणणार?

मागच्या रविवारी फुटबॉलच्या मॅचला मी आमच्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडून बचाव करणाऱ्या पोराला, ओरडलो आणि त्याला ते ऐकू गेलं.

म्हणजे शिवी फार मोठी नव्हती, घरात पोरांसमोर चालते त्या लेव्हलची. "अरे गाढवा, मागे बघ की, तुझ्या मागून अख्खी वरात चाललीय!" एवढंच. पण मैदानावर आम्ही धरून ३५-४० माणसं, त्यातली निम्मी समोरच्या टीमची आणि दहा-बारा जण तर नुसती मैदान कधी रिकामं होतंय म्हणून क्रिकेटची बॅट घेऊन बसलेली, त्यामुळे माझा आवाज मधे कुठेही न अडकता थेट पोचला. पोरगं थांबलं. बॉल आउट झालेला म्हणून बरं. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणालं, "काका, सकाळी ६ ला शिफ्ट सुटलीय माझी. तुम्ही येता का आत?"

मी पोट आत घेतलं आणि स्कोअरबोर्ड बघतोय असं दाखवलं. आमच्या मैदानावर स्कोअरबोर्ड नाहीये.

बालेवाडीच्या स्टेडियमला हा प्रॉब्लेम कधी आला नाही. २०१४ ला एफसी पुणे सिटीकडून ट्रेझेगे खेळायला आला होता, डेव्हिड ट्रेझेगे, फ्रान्सच्या १९९८ च्या वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममधला, २००० च्या युरो फायनलला गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पडला की मॅच तिथेच संपते तो गोल, मारणारा. त्याला मी स्टँडमधून "अरे हल की जरा, सातबारा करून घेतलाय का तिथला" असं बिनधास्त म्हणालोय. तो तेव्हा ३७ वर्षांचा होता, आणि मी ३७ चा झालो तेव्हा लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर दम टाकायचो, पण तेव्हा असला काही विचार मनात आला नाही. त्याला मराठी येत नव्हतं, माझा आवाज जात नव्हता, त्याला पैसे मिळत होते, मी तिकीट काढलं होतं. हिशोब चोख.

आता ती टीमच नाहीये. पुण्यातल्या फुटबॉलवाल्यांना तसं हे नवीन नाही म्हणा. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दुसरी आली होती, अख्ख्या देशात दुसरी, आणि २०१५ ला बंद. भारत एफसी तर एकच सीझन खेळली, २०१४-१५, तेवढ्यात शेवटचा नंबर पण काढून झाला. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन आय-लीग खेळून २०१७ ला गेली. आणि पुणे सिटी २०१८ ला सेमीफायनलपर्यंत पोचली, बालेवाडीतली पहिली मॅच ०-० झाली तेव्हा आम्ही दुसरीसाठी बंगलोरचं तिकीट बघत होतो, तिकडे त्यांच्या सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी टीमच गुंडाळली, तिची जागा गेली हैदराबादला. आणि २०२२ ला हैदराबादने आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली की हो! सदाशिव पेठेत ११ महिन्यांच्या करारावर राहिलेला, भाडं थकवणारा पोरगा खोली सोडून गेला आणि तीन वर्षांनी पेपरात कलेक्टर म्हणून फोटो आला, तसलं काहीतरी वाटलं. नंतर ती टीम हैदराबादहूनही दिल्लीला गेली, २०२५ ला. हैदराबादवाल्यांचं दुःख मला आतून कळलं, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

तर बालेवाडीच्या मॅचेस बंद झाल्यावर रविवारी करायचं काय म्हणून मी शहरातल्या लीगच्या मॅचेस बघायला लागलो आणि एका टीमच्या मागे लागलो. नाव सांगत नाही, त्यांचं आधीच खूप झालंय. सेमी-प्रोफेशनल टीम. सेमी-प्रोफेशनल म्हणजे खेळायचं प्रोफेशनल आणि पैसे सेमी. पोरं दिवसा कुठे कुठे कामाला असतात, एक जण कुरियरमध्ये, एक जिममध्ये ट्रेनर, दोघं कॉलेजला, लेफ्ट बॅक चाकणला कंपनीत नाइट शिफ्ट. मॅचचे थोडे पैसे, पेट्रोलचे थोडे पैसे, बूट क्लबकडून. चांगलं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी तर आम्ही वरून तिसरे होतो, त्या वर्षी मी बायकोला चहा पिताना ऑफसाइड समजावून सांगायचा प्रयत्न केला, कपबशा आणि बिस्किटं मांडून, म्हणजे बघा किती उत्साह होता.

मग स्पॉन्सरने हात आखडता घेतला. पूर्ण सोडलं नाही, पूर्ण सोडलं असतं तर निदान रडून मोकळे झालो असतो. "यंदा मार्केटिंगचं बजेट कमी केलंय" असं कळलं, आणि ते कळलं कसं, तर केळ्यांवरून. आधी हाफ टाइमला एकेकाला दोन केळी असायची, मग एक आलं, मग अर्धं. अर्धं केळं सोलून हातात देतात तेव्हा त्या पोराचा चेहरा बघायचा एकदा.

मग टेम्पो ट्रॅव्हलर बंद. आता ज्याने त्याने आपापल्या गाडीवर यायचं, ट्रिपल सीट येतात, एकदा दोघं नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि आम्ही नऊ जणांवर मॅच सुरू केली. फुटबॉलचा नियम असा की सात जण असले तरी मॅच सुरू करता येते, हे मला त्या दिवशी रेफ्रीकडून कळलं, ४४ वर्षांच्या आयुष्यात कधी गरज पडली नव्हती. ते दोघं आले तोवर ०-२.

मग जर्सी. आधी क्लब एकत्र धुवून आणायचा, आता प्रत्येकाच्या घरी धुतात. मूळ रंग मरून. पण प्रत्येक घरची साबण पावडर वेगळी, कुणाकडे मशिन, कुणाकडे दगड, त्यामुळे आता मैदानावर मरून, विटकरी, डाळिंबी, आणि आमचा स्ट्रायकर तर सरळ गुलाबी. लांबून बघणाऱ्याला वाटतं दोन-तीन टीम एकदम खेळतायत. आणि छातीवर अजून त्याच स्पॉन्सरचं पूर्ण नाव, कारण नवीन जर्सीला पैसे नाहीत. म्हणजे पैसे निम्मे, जाहिरात पूर्ण. आमच्यातल्या एकाने रागाने काळी चिकटपट्टी आणून निम्मी अक्षरं झाकायचा उद्योग केला होता, निम्म्या पैशात निम्मं नाव म्हणून. घामाने पहिल्या दहा मिनिटांत निघाली. एक पट्टी समोरच्या गोलकीपरच्या बुटाला चिकटून गेली, समोरच्याला चिकटून राहायचं ते प्रेसिंग म्हणतात ना, तेवढंच काय ते आमचं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. जे नेता येत नाही ते शेवटच्या वीस मिनिटांचं. प्रॅक्टिस आठवड्यात चार दिवसांची दोन दिवसांवर आली, कारण टर्फ तासाच्या भाड्याने आणि संध्याकाळी लाइटचे वेगळे. फिटनेस बघणारा मुलगा गेला. गोलकीपिंगचा कोच गेला. आणि हे कुठे दिसतं, तर पहिल्या हाफमध्ये अजिबात दिसत नाही! पहिल्या हाफला आमची पोरं बरोबरीने खेळतात, कधी कधी लीड पण घेतात, आणि आपण वेड्यासारखे आशेला लागतो. मग साधारण एक तास झाला की एकेकाचे हात गुडघ्यावर यायला लागतात. मिडफिल्डर पुढे जातो पण परत येत नाही, मधे एवढी जागा होते की पीएमपीची बस वळवावी. कॉर्नरला कोण कुणाला धरणार ते ठरलेलं नाही, कारण ते ठरवायची प्रॅक्टिस बुधवारी व्हायची आणि बुधवार कापला गेला. या सीझनला मी मोजलं नाही, मोजायची हिंमत नाही, पण गोल खाल्ले की घड्याळ बघायची गरज पडत नाही एवढं नक्की.

मग राग कुणावर काढायचा? पोरांवर काढावा तर ते नाइट शिफ्ट करून आलेत. कोचवर काढावा तर कोच स्वतः प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन मांडतो, पाण्याचा जार भरतो, परवा तर लाइन्समन म्हणून पण उभा होता आणि आमच्याच पोराला ऑफसाइड दिला, बरोबर होता म्हणून कोणी काही बोलू शकलं नाही. स्पॉन्सरवर काढावा तर तो मॅचला येतच नाही. आणि मूळ मुद्दा म्हणजे आमच्याकडे तिकीटच नाही. फुकट बघतो. "पैसे परत द्या" असं ओरडायची पण सोय नाही. सपोर्टर म्हणून माझा जो काही हक्क आहे तो पंधरा रुपयांच्या चहापुरता, आणि तोही टपरीवाल्याकडे.

ऑफिसात एक कोल्हापूरचा आहे, त्याच्यापुढे मी हे रडगाणं गायलं. तो मटकी खात म्हणाला, "तुमच्या टीमला मालक हाय, आमच्या टीमला पेठ हाय. पेठ कुटं बजेट कट करती व्हय?" त्यांच्याकडे पाटाकडील, खंडोबा, तालमींच्या टीम्स, शाहू स्टेडियम भरून माणसं. पोराच्या बापाने आणि आजोबाने त्याच तालमीत अंग घामवलेलं असतं. चिडलो मी, पण उत्तर सुचलं नाही. पुण्यात गणपतीला पेठ जागी होते, वर्गणी जमते, ढोल येतात. अकरा पोरं चड्डीत पळताना बघायला पेठ उठत नाही. खडकीचे एक अण्णा येतात आमच्यात, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, ते म्हणतात खडकीत आणि कॅम्पात एकेकाळी मॅचला उभं राहायला जागा नसायची. अण्णांचं एकेकाळी कधीचं ते विचारायचं नाही, मग ते दुसरा हाफ संपेपर्यंत बोलायचे थांबत नाहीत. अर्थात आमच्या दुसऱ्या हाफकडे दुर्लक्ष करायला ते चांगलंच पडतं.

तर कोल्हापूरवाल्याचं बोलणं लागलं म्हणून आम्ही आठ जणांनी वर्गणी काढायचं ठरवलं. महिन्याला २०० रुपये, माणशी. सोळाशे रुपयांत टेम्पो ट्रॅव्हलर येत नाही, पण केळी पूर्ण झाली, पाणी झालं, क्रेप बँडेज झालं. आणि झालं असं की पैसे दिल्याबरोबर आमच्यातले सगळे एकदम बोर्ड ऑफ डायरेक्टर्स झाले. एक म्हणे डावीकडून कोण खेळणार ते मला आधी सांगा. दुसरा म्हणे केळी राजेळी का नाही आणली. ग्रुपवर रात्री साडेअकराला पोरं मैदानावर कशी उभी करायची, ४-४-२ की ४-३-३, यावर भांडणं, आणि ज्याच्याकडे हिशोबाची वही तो स्वतःला मँचेस्टरचा मालक समजायला लागला. फुकट बघत होतो तेव्हा निदान लाज तरी होती. माझी ती शिवी, खरं सांगायचं तर, वर्गणी दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारची आहे.

तिकडेच येतो. त्या "तुम्ही येता का आत" नंतर मी वीस मिनिटं गप्प बसलो, स्वतःच्या जागेवरून उठून अण्णांच्या मागे जाऊन उभा राहिलो. १-१ चाललं होतं. मग नेहमीप्रमाणे ती वेळ आली, ते हात गुडघ्यावर आले, आणि त्यांचा विंगर बॉल घेऊन सुटला. आमचा लेफ्ट बॅक त्याच्या मागे पळाला. मी म्हटलं झालं, आता वरात. पण तो कुठून पळाला कुणास ठाऊक, रात्रभर मशिनपुढे उभा राहिलेला माणूस, त्याने गाठलं, घसरत बॉल बाहेर काढला आणि तिथेच पडून राहिला. घोटा मुरगळला होता.

फिजिओ नाही. कोच पळत गेला, मग आमच्या दिशेने हात करून ओरडला, "बर्फ आहे का कोणाकडे?" आम्ही आठ डायरेक्टर एकमेकांकडे बघत बसलो. केळी होती. वहीत तारखेनिशी नोंद होती केळ्यांची.

मी गेटबाहेर रसवाल्याकडे पळालो. पळालो म्हणजे आपलं भरभर चाललो. तो बर्फ फोडून देईना, म्हणाला रस घ्या, तर दोन ग्लास रस घेतला, बर्फ पिशवीत मागून घेतला आणि परत आलो तेव्हा मला धाप लागली होती आणि ते पोरगं टचलाइनच्या बाहेर बूट काढून बसलं होतं. मी त्याच्या घोट्याला पिशवी धरली. काय बोलावं कळेना. रस दिला, तो प्यायला. मैदानात दहा जण राहिले होते, बदली खेळाडू एकच होता आणि तो आधीच आत गेलेला.

"काका," तो म्हणाला, "तिकडे बघा ना, तो राइट बॅक वर चढलाय, परत येत नाहीये. ओरडा की."

मी ओरडलो. राइट बॅकने ऐकलं पण.

हरलो ते हरलोच, १-२, कॉर्नरवर. घरी आल्यावर बायकोने दार उघडता उघडता विचारलं, "कितीने हरलात?" ती नेहमी असंच विचारते, जसा काही मी डिफेन्सला होतो. सांगितलं. मग रात्री ग्रुपवर मेसेज आला, पुढच्या रविवारी बर्फ कोण आणणार, आणि सात जणांनी तो वाचून नुसते अंगठे दाखवले. आता फ्रीजरमधले चारही ट्रे मी भरून ठेवलेत, थर्मासमध्ये मावतात का बघायचंय. मटारची पिशवी बाहेर काढावी लागली, ते अजून घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही.