सेर्लेस, खिंडीपर्यंत

शनिवार, रात्र

आत्ता इन्सब्रुकच्या मारिया-तेरेझिएन रस्त्यावरून चालत घरी आले. नऊ वाजत आले होते. दक्षिणेला, रस्त्याच्या टोकाच्या कमानीच्या वर, सेर्लेसचा डोंगर उभा होता आणि माथ्यावर शेवटचं ऊन होतं. ढगाचा ठिपकाही नाही. दिवसभरात गडगडाट नाही, पाऊस नाही. आणि मी साडेअकराला त्याच्या खिंडीतूनच, माथा न गाठता, परत फिरले.

एवढंच झालंय. पण जेवण गेलं नाही.

ही कमान 1765 ची. दक्षिणेकडच्या बाजूला राजपुत्राच्या लग्नाचा आनंद कोरलाय आणि उत्तरेकडे, म्हणजे शहराकडून येणाऱ्याला दिसते त्या बाजूला, त्याच दिवसांत वारलेल्या बापाचा, सम्राटाचा शोक. इन्सब्रुकमधून सेर्लेसकडे बघायचं तर डोळ्यांपुढे शोकाचीच बाजू येते. आज ते नको होतं.

हिशेब परत मांडते. मारिया वाल्डरास्टचा मठ 1,638 मीटरवर, सेर्लेसयोख्ल ही खिंड 2,384 वर, माथा 2,717 वर. इथल्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. ती काढायची रीत ठरलेली आहे. चढाला तासाला 300 मीटर, उताराला 500, सपाटीला 4 किलोमीटर. चढाचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा आकडा पूर्ण धरायचा आणि लहानाचा निम्मा त्यात मिळवायचा. मठापासून खिंडीपर्यंत 746 मीटर चढ, म्हणजे अडीच तास. आडवं अंतर तीन किलोमीटर धरलं तर पाऊण तास, त्याचा निम्मा वीस-बावीस मिनिटं. एकूण पावणेतीन ते तीन. साडेआठला निघाले, साडेअकराला खिंडीत. हिशेबाबाहेर काही झालं नाही.

पुढे 333 मीटर. सव्वा तास. म्हणजे पावणेएकला माथा, पंधरा मिनिटं तिथे, उतरायला पाऊण तास आणि पावणेदोनला पुन्हा खिंडीतल्या शिडीवर. हा पावणेदोनचा आकडा मनात आला आणि मी श्टुबाय दरीच्या बाजूला बघितलं. कापसाचे पुंजके होते. नुसते पुंजके असते तर काही नाही. पण त्यातले दोन-तीन रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढलेले, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या घट्ट. उन्हाळ्यात असे मनोरे दुपारपर्यंत जितके वर जातील तितका त्यांचा भरवसा कमी. माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की तो ढग विजेचाच. माझ्यासमोरचे तिथवर गेले नव्हते. जातील की नाही, हे साडेअकराला कोणालाच ठरवता येत नाही.

मग ती शिडी. खिंडीतून माथ्याकडे वळलं की लगेचच कातळाला लोखंडी शिडी आहे आणि सोबत पोलादी दोर. शिडी चढायला अवघड नाही. तिन्ही टेकू धरून, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, दोर आधाराला धरायचा, त्यावर लोंबकळायचं नाही. दोर ओढला की अंग कातळापासून लांब जातं आणि पाय घसरतात. चूक बहुतेकांची हीच होते. पण हाच दोर वादळात सगळ्यांत वाईट जागा. वीज कुठेही वर पडली तरी दोर तो झटका खालपर्यंत आणतो. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनने भागायचे, तितके किलोमीटर वादळ लांब. तीस सेकंदांच्या आत आलं की धारेवर, दोराजवळ किंवा माथ्यावरच्या क्रुसाजवळ थांबायचं नाही. गुहेच्या तोंडाशी किंवा कड्याला टेकूनही नाही. उतरून, पाय जुळवून, उकिडवं बसायचं.

हे सगळं मला पाठ आहे. आणि म्हणूनच कळत नाही. ढगांमुळे वळले, की शिडीमुळे वळायचं होतं आणि ढग हाताशी सापडले?

काका म्हणणार, अगं शिड्या कळसूबाईलाही आहेत की. आहेत. आणि कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक या मठाच्या अंगणापेक्षा जेमतेम आठ मीटर वर. तिथे शिखर संपतं, इथे तिथून वाट सुरू होते. पण खरा फरक उंचीचा नाही, दगडाचा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ पावसात निसरडा होतो, पण पायरी बहुतेक जागची हलत नाही. सेर्लेसचा वरचा भाग चुनखडक आणि डोलोमाइटचा. भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे हातात आलेली कपार हातातच राहू शकते. धरण्याआधी तळव्याने थाप मारून बघायची, पोकळ वाजली तर सोडून द्यायची. शिडीच्या वर घसाराच घसारा, म्हणजे सुटे दगड-खडे. वाट नागमोडी चढते आणि वरच्याने एक खडा सोडला तर खालच्या वळणावरच्याच्या डोक्यावर येतो. म्हणून वळण कोणी कापत नाही. घसाऱ्यात चढताना टाच अधांतरी न ठेवता अख्खं पाऊल आडवं, हळू, वजन आधी तोलून मग टाकायचं. उतरताना उलट, टाच आधी. काठ्या शिडीच्या आधी पिशवीला बांधायच्या, मनगटाला अडकवून चढायचं नाही.

जर्मनमध्ये खिंडीला योख म्हणतात, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. आपलं जू आणि त्यांचं योख एकाच मुळातून आलेत. योख्ल म्हणजे छोटं जू. दोन शिखरांच्या माना त्याखाली. आज ते माझ्याच मानेवर होतं, असं वाटत राहिलं.

खिंड 2,384. हाफेलेकारचं शिखर 2,334. ते शहराच्या उत्तरेच्या नॉर्डकेट रांगेवर. तिथे शहरातूनच आधी रेल्वे, मग दोन दोरावरचे पाळणे, आणि शेवटच्या थांब्यापासून दहा-पंधरा मिनिटांत माथा. लोक चपला घालून जातात. पाचरकोफेल हा दुसरा माथा तर 2,246. म्हणजे मी जिथून परत फिरले ती जागा शहराच्या दोन्ही लाडक्या माथ्यांपेक्षा उंच होती. हे दोनदा स्वतःला सांगितलं. उपयोग झाला नाही. उंची मला नकोच होती, मला सेर्लेस हवा होता. रोज खिडकीतून दिसणारा तो. बाबांना दाखवला होता तो.

ते जाऊ दे.

उंचीच्या घड्याळाचं लिहायचं राहिलं. मठापाशी 1,638 वर लावलं होतं. खिंडीत ते 2,402 दाखवत होतं, पाटीपेक्षा 18 जास्त. हे घड्याळ खरं तर हवेचा दाब मोजतं. दाब उतरला की त्याला वाटतं आपण वर आलो. या उंचीवर दहा मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल (दाबाचं माप), म्हणजे तीन तासांत दाब दोनाच्या जवळ उतरलेला. गरम दिवशी चढताना घड्याळ उलट कमी दाखवतं, तेव्हा खरा उतार याहून थोडा जास्तच. खिंडीत मला हा पुरावा वाटला. आता बसून विचार करते तेव्हा तितका पक्का वाटत नाही. उन्हाळी दुपारकडे दऱ्यांमधली हवा तापते आणि दाब चांगल्या दिवशीसुद्धा थोडा खाली येतोच. दोन हेक्टोपास्कल धोक्याचे असू शकतात आणि नुसत्या उन्हाचेही. मी त्यातला मला हवा तो अर्थ घेतला.

की नाही घेतला? खरंच घाबरले असते तर आकडा बघायला थांबलेच नसते.

खिंडीत एक आजी भेटल्या, वरून उतरत होत्या. हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात अशी इथली रीत, तेव्हा त्यांनीही 'तू'च म्हटलं. काठ्या पिशवीला बांधलेल्या, शिडी उतरून झाल्यावर सोडल्या. मठापासून साडेपाचला निघाले, म्हणाल्या. पावणेदहाला माथ्यावर. तासभर क्रुसापाशी बसल्या, डब्यातली वही काढून नाव लिहिलं, खाल्लं आणि उतरल्या. मला वर जा म्हणाल्या नाहीत, जाऊ नको असंही नाही. ढगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. त्यानंतर दोन मुलं माझ्या शेजारून वर गेली. त्यांची नावं आज वहीत आहेत.

त्या वहीचं दुपारभर वाईट वाटत होतं. आत्ता हे लिहिताना आजींचं साडेपाच डोळ्यांसमोर येतंय. साडेपाच आणि साडेआठ. त्याच पायांनी, त्याच हिशेबाने, तीन तास आधी निघाले असते तर खिंडीत साडेआठ, माथ्यावर पावणेदहा. त्या वेळी श्टुबायवर पुंजकेसुद्धा नसतात. ढग की शिडी हा प्रश्न तिथे आलाच नसता, फक्त शिडी उरली असती आणि मला कळलं असतं. सकाळी उशीर का झाला ते इथे लिहीत नाही.

म्हणजे जे काही ठरलं ते मठाच्या फाटकापाशीच ठरलं होतं. खिंडीत मी फक्त ते वाचलं. असं लिहिल्यावर बरं वाटतंय. पूर्ण नाही.

पुढच्या वेळेसाठी. मीडर्स गावाहून पाळण्याने वरच्या कोप्पेनेक थांब्याला जाऊन, जंगलातल्या रस्त्याने तासभर चालत मठ गाठायचा बेत शिखरासाठी धरायचा नाही. रस्ता सुंदर आहे, पण जाऊन-येऊन दोन तास त्यातच जातात आणि परतीच्या शेवटच्या पाळण्याची वेळ मानेवर बसते. त्या वाटेने मठ, झऱ्याचं पाणी, जेवण आणि परत, इतकंच. शिखर करायचं तर माट्राय गावाकडून टोलच्या रस्त्याने उजाडायच्या आधी वर. मठाच्या झऱ्यावर दोन लिटर भरायचं, वर पाणी मिळेल असं धरायचं नाही. आज दीड लिटर नेलं होतं आणि खिंडीतच पाऊण संपलं. हेल्मेट न्यायचं, खडे पडतात म्हणून. हातमोजे पातळ, दोरातली तुटकी तार तळव्यात घुसते. फोनमध्ये 140, डोंगरातल्या बचावाचा नंबर. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा वेळा खूण, मग मिनिटभर थांबून परत. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

दक्षिणेचा फ्योन वारा सुटला असेल तर जायचं नाही. ब्रेनर खिंडीच्या जेमतेम 1,370 मीटर उंच खाचेतून तो सरळ इकडे घुसतो, हवा कोरडी आणि इतकी स्वच्छ की सेर्लेस हाताला लागेल असं वाटतं. त्याच दिवशी धारेवर उभं राहता येत नाही. आणि तो पडला की मागोमाग पाऊस येतो.

आज फ्योन नव्हता. आज सेर्लेस खरंच तितका जवळ होता.

घर नदीकाठीच आहे, तेव्हा घड्याळ शहराच्या उंचीवर, 574 मीटरवर, लावून खिडकीत ठेवलंय. सकाळी बघेन.